एवढीशी खूण



माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. मी इंग्रजीवर बोलणार म्हटल्यावर तुम्हांला हसू येईल. पण गेल्या वर्षी आपल्या मसाला-विक्रीची इंग्रजी पाटी मीच रंगवली होती. 'विमेन्स' या शब्दातली ॲपॉस्ट्रॉफी, म्हणजे अक्षरांच्या वर लटकणारा स्वल्पविराम, मी 'एस'च्या नंतर दिली. मुलगी हळूच म्हणाली, "आई, चुकलंय." मला पाटीकडे बघवेना. रात्री तिच्यापाशीच शिकायला बसले.

आपण मुलीचा डबा, मुलीची वही, मुलीचे पुस्तक म्हणतो. इंग्रजीत तिन्हींना एकच रीत. 'गर्ल' लिहावे, खूण द्यावी, मग 'एस'. मुली अनेक असल्या तर 'गर्ल्स'मध्ये 'एस' आधीच आलेला असतो. तिथे खूण त्याच्यानंतर, दुसरा 'एस' नको. 'विमेन' मात्र 'एस'वाचूनच अनेकवचनी. म्हणून तिथे खूण आधी आणि 'एस' नंतर. माझे चुकले ते इथेच.

आणखी एक खोच आहे. 'इट्स' म्हणजे 'त्याचे' असेल तर खूण नाही. 'ते आहे' असेल तर खूण हवी. कारण तिथे गळलेल्या अक्षराची जागा ती राखते.

पाटी मी पुन्हा रंगवली. लेकीपुढे "मला येत नाही" म्हणणे जड गेले खरे. पण तेव्हापासून तीही आपली अडलेली गणिते लपवीत नाही, माझ्याजवळ येऊन बसते.