यंत्रमानव आणि आपली हत्यारे
(विश्वकर्मा जयंतीच्या उत्सवात दिलेले भाषण)



कार्यक्रमपत्रिकेतील आजचा विषय वाचून पुष्कळांच्या कपाळास आठी पडली असेल. सुतारांच्या उत्सवात यंत्रमानवाचे काय काम, असे कोणी विचारिले तर त्यात वावगे नाही. परंतु विद्यार्थी निधीतून काही रक्कम या कामी खर्चावी की न खर्चावी, हा ठराव उद्याच्या सर्वसाधारण सभेपुढे यावयाचा आहे. ज्या वस्तूसाठी पैसा द्यावयाचा ती वस्तू काय आहे, हे हात वर करण्यापूर्वी सभासदांस ठाऊक असावे, एवढ्यासाठी आम्ही हा विषय घेतला.

प्रथम शब्दाकडे पाहू. ‘रोबो’ हा शब्द कारेल चापेक या चेक लेखकाच्या १९२० सालच्या नाटकातून जगापुढे आला. तो सुचविला त्याचा बंधू योसेफ याने. मूळ चेक शब्द ‘रोबोता’. त्याचा अर्थ जमीनदाराकडे सक्तीने करावयाचे काम, म्हणजे आपली वेठ. ज्यांच्या आजापणज्यांनी गावची औते, बैलगाड्या नि मोटेची चाके दुरुस्त करून सुगीस बलुते मागितले आणि वाड्यावरचे काम पुष्कळदा फुकट केले, त्यांना या शब्दासाठी कोश उघडावा लागणार नाही.

छंद म्हणून असली यंत्रे करण्याची हौस आजची नव्हे. इंग्लंडातील ब्रिस्टल येथे विल्यम ग्रे वॉल्टर या मज्जाशास्त्रज्ञाने १९४८-४९ च्या सुमारास दोन यांत्रिक कासवे केली व त्यांची नावे एल्मर व एल्सी अशी ठेविली. तीन चाके, प्रकाश ओळखणारा एक डोळा, धक्का जाणणारे कवच आणि अवघे दोन व्हॉल्व्ह, एवढ्या सामग्रीवर ती दिव्याकडे चालत जात आणि अडथळा लागला की वळसा घेत.

त्या व्हॉल्व्हच्या जागी आज मायक्रोकंट्रोलर आला आहे. नखाएवढ्या चकतीवर मावणारा हा गणकयंत्राचा बालावतार होय. मुलांच्या हाती जो बहुधा दिसतो तो ‘आर्डुइनो’ नावाच्या पाटीवर बसविलेला असतो. ही पाटी इटलीतील इव्रेआ गावी २००५ साली विद्यार्थ्यांसाठी तयार झाली. तिचे नाव तेथील एका मद्यालयावरून पडले, ही गोष्ट मात्र वसतिगृहात फार मोठ्याने सांगू नये! ‘उनो’ या पाटीवरील चकतीचे घड्याळ सेकंदास १ कोटी ६० लक्ष ठोके देते. पण तिची कार्यक्रम साठविण्याची जागा अवघी ३२ किलोबाइट. मोबाइलमधील एक छायाचित्रही तीत मावावयाचे नाही. गाडी वळविण्यास, हात उचलण्यास एवढे पुरे होते.

आता सर्व्हो मोटर. हिच्याविषयी आम्ही थोडे अधिक बोलणार आहोत, कारण हिच्यात आपल्या धंद्याचा आत्मा आहे. साधी मोटर वीज मिळताच गरगर फिरत राहते. सर्व्होस ‘नव्वद अंशांवर थांब’ असे सांगता येते. तिच्या डबीत एक लहान मोटर, दातेरी चाकांची माळ, आसाबरोबर फिरणारा एक मापक आणि तुलना करणारे विद्युन्मंडल असते. मायक्रोकंट्रोलर तिला सेकंदास पन्नास वेळा विजेचा एक ठोका पाठवितो. ठोका दीड मिलिसेकंदाचा असला तर आस मध्यावर येतो. एकाकडे कमी झाला किंवा दोनाकडे वाढला तर आस त्या त्या बाजूस कलतो. आस कोठे आहे हे मापक सांगतो, कोठे हवा हे ठोका सांगतो, आणि दोहोंतील अंतर मिटेपर्यंत मोटर फिरते. रंधा मारावा, गुण्या लावून पाहावा, फट दिसली की पुन्हा रंधा मारावा, यापरते यात दुसरे काय आहे? हौशी मुले वापरतात ती लहान सर्व्हो वजनाने ९ ग्रॅमच्या आसपास असते.

संवेदक म्हणजे यंत्राची ज्ञानेंद्रिये. अंतर मोजणारा संवेदक आपल्या कानास ऐकू न येणारा, सेकंदास ४० हजार कंपनांचा ध्वनी सोडतो व त्याचा प्रतिध्वनी परत येण्यास लागलेला काळ मोजू देतो. ध्वनी सेकंदास सुमारे ३४० मीटर जातो. काळास त्या वेगाने गुणावे आणि जाणे-येणे दुहेरी म्हणून दोहोंनी भागावे. आठवीतील हे गणित शाळेत रुक्ष वाटते, गाडी भिंतीवर आपटू लागली की तेच जिव्हाळ्याचे होते. भिंतीपाशी नेमकी थांबणारी गाडी दांडीवर टाकलेल्या गोधडीत मात्र शिरते, हे वसतिगृहातील एका कन्येने हेरले. मऊ कापड ध्वनी गिळते, हे तिला कोणी सांगितले नव्हते. तिने गोधडीच्या जागी पाट उभा करून पाहिला व स्वतःच ताडले.

दुसरा प्रसंग याहून बोलका आहे. नववीतील एका मुलाची गाडी सरळ जाईना; डावीकडे ओढ घेई. पोराने तीन रात्री कार्यक्रमातील आकडे बदलले. अखेरीस आमच्या आळीतील एका वृद्ध कारागिरांनी, ज्यांनी आयुष्यात गणकयंत्रास हात लाविला नाही, गाडी उपडी करून आसास गुण्या लाविला आणि म्हणाले, “बाळा, आस काटकोनात नाही. यंत्राला कशाला शिव्या देतोस?” पाचर मारली, गाडी सरळ गेली.

काही पालक आम्हांस म्हणतात, “मास्तर, आमच्या वडिलांनी किकरे-पटाशी खाली ठेवून आम्हांस कचेरीत धाडले, आणि तुम्ही आमच्या मुलांच्या हाती पुन्हा पेचकस देता?” या बोलण्यामागचे दुःख आम्ही जाणतो. हाताने काम करणाऱ्यास बाहेर बसविणारा समाज त्यांनी पाहिला आहे. पण तो दोष बसविणाऱ्यांचा होता, हाताचा नव्हे. ज्या घरात वाकस माळ्यावर गंजत पडला, त्याच घरचा अभियंता खिळा ठोकावयास माणूस बोलावितो, हे आम्हांस तरी भूषणावह वाटत नाही.

मात्र ठरावातील एका कलमास आमचा स्पष्ट विरोध आहे. बंद पेटीतील तयार संच घेऊ नयेत. त्यात भोके पाडलेली, स्क्रू मोजलेले. मूल एका दुपारी जुळणी करते, छायाचित्र काढते आणि पेटी फडताळात जाते. सुटे भाग पुण्यात बुधवार पेठेत, मुंबईत लॅमिंग्टन रोडवर मिळतात; हजार-बाराशे रुपयांत एक लहान गाडी उभी राहते, आणि तिचा सांगाडा तर आपल्याच वखारीतील प्लायवूडच्या तुकड्यांचा करावा. नीती आयोगाच्या अटल टिंकरिंग प्रयोगशाळा २०१६ पासून सहावी ते बारावीच्या मुलांसाठी शाळाशाळांतून निघाल्या. पण आपल्या वसतिगृहात येणारी बहुतेक मुले ज्या गावांतून येतात तेथील शाळांत त्या नाहीत. निधीचा पैसा अशांसाठीच असतो.

एक सूचना पालकांसाठी. सर्व्होची वीज पाटीच्या टाचणीतून घेऊ देऊ नका; तेवढा प्रवाह तिला झेपत नाही, पाटी मधेच दचकून पहिल्यापासून सुरू होते. वेगळी बॅटरी द्यावी, दोहोंची ऋण तार एकत्र जोडावी. लिथियमची बॅटरी उशाशी ठेवून रात्रभर भरू देऊ नये. तिने पेट घेतल्याचे प्रकार घडतात.

तेव्हा आमची मागणी अशी : वसतिगृहाची मागील खोली, एक भक्कम बाक, त्यास शेगडा, डाख देण्याची दोन हत्यारे, एक मल्टिमीटर, सुटे भाग, आणि आठवड्यातून एक सायंकाळ आपल्यातील कोणी जुना कारागीर. मुलगे व मुली एकाच बाकावर बसतील, हेही ठरावात लिहून यावे.

मुलांनी केलेल्या दोन गाड्या व एक हात शेजारच्या दालनात मांडला आहे. पंगत उठल्यावर अवश्य पाहावा. तो पेन्सिल नीट उचलतो. खडू मात्र अद्याप मोडतो, कारण किती जोराने धरावे हे सांगणारा संवेदक त्याच्या बोटांत अजून बसवावयाचा आहे.