नवख्याचे नाव
(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत केलेले भाषण)



जेथे माती नाही, पाऊस नाही, तरी वस्ती आहे, अशा एका जगाविषयी आज आम्ही दोन शब्द सांगणार आहोत. आपली मुले संगणकासमोर बसून ज्या आभासी जगात वावरतात, ते हे जग. त्याचा एक आरंभ १९७८ साली इंग्लंडमधील एसेक्स विद्यापीठात झाला. रॉय ट्रबशॉ यांनी आरंभिलेल्या आणि रिचर्ड बार्टल यांनी वाढविलेल्या 'मड' या खेळात चित्रे नव्हती, केवळ अक्षरे होती. २००३ साली 'सेकंड लाइफ' आले, त्यात रहिवाशांना चित्ररूप देहही लाभला.

या जगातही नवखा लपत नाही. त्याची चाल अडखळते, अंगावर आयता मिळालेला पोशाख असतो. जुन्यांच्या बोलीत त्याच्यासाठी दोन शब्द आहेत. 'न्यूबी' म्हणजे शिकू पाहणारा नवखा. 'नूब' म्हणजे हिणवण्याजोगा अडाणी. पुष्कळदा माणूस तोच असतो. पाहणाऱ्याची दृष्टी त्याचे नाव ठरविते.

२००३ सालीच आइसलँडमध्ये जन्मलेल्या 'ईव्ह ऑनलाइन' या अंतराळातील खेळात नवख्याची नौका पाहता पाहता लुटली जाते. परंतु त्याच खेळात २००४ साली खेळाडूंनीच 'ईव्ह युनिव्हर्सिटी' स्थापिली. तेथे जाणते खेळाडू नवख्यांचे वर्ग घेतात. कोठे बोलावे, कोठे गप्प राहावे, हे नियमावलीपेक्षा संगतीनेच अधिक कळते.

हे सांगण्याचे कारण आपल्या घरातलेच आहे. या सभागृहात आम्ही प्रथम आलो तेव्हा शेवटच्या रांगेत बसलो होतो. आरती पाठ होती, पण ओळखीचे कोणी नव्हते. एका काकूंनी प्रसादाचा द्रोण हाती ठेवून विचारले, "कुठले हो तुम्ही?" त्या एका प्रश्नाने आम्ही मंडळाचे झालो. पुढे पुढच्या रांगेत बसू लागलो आणि मागे वळून पाहण्याची सवय सुटली. गेल्या वर्षी एक तरुण जोडपे दोनदा आले, तिसऱ्यांदा आले नाही. त्यांचे नाव आम्हांपैकी कोणासही सांगता येत नाही.

पडद्यावरच्या जगातून निघून जाण्यास एक कळ दाबावी लागते. मंडळातून निघून जाण्यास तीही लागत नाही. म्हणून पुढील कार्यक्रमात प्रत्येकाने मागच्या रांगेतील एका अनोळखी कुटुंबाचे नाव विचारावे, एवढी नम्र विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.