काचबिंदू : थेंब की शस्त्रक्रिया?



मी वैद्य नव्हे. माझी शाळा सातवीत सुटली. पुढचे शिक्षण कारखान्याच्या फाटकावर आणि वाचनालयात झाले. तरी बोलण्याचे धाडस करतो, कारण बुवापाड्यातून अंबरनाथच्या औद्योगिक वसाहतीत कामाला जाणाऱ्यांची गाऱ्हाणी ऐकताना काचबिंदूविषयीचा घोटाळा मला फार वेळा आढळतो.

मोतीबिंदूसारखाच हाही पिकला की काढून टाकू, असे लोक धरून चालतात. मोतीबिंदू काढला की दिसू लागते. काचबिंदूने नेलेली नजर कोणीही परत आणीत नाही. डोळ्यात एक द्रव सारखा तयार होतो आणि कोपऱ्यातल्या बारीक जाळीतून वाहून जातो. वाट तुंबली की दाब चढतो, आणि मेंदूकडे जाणारा मज्जातंतू हळूहळू मरतो. बहुतेकांना दुखत नाही. आधी कडेची नजर जाते, समोरचे दिसत राहते, म्हणून माणूस गाफील राहतो. (डोळा एकाएकी लाल होऊन दुखू लागला, उलट्या झाल्या, दिव्याभोवती कडी दिसली, तर आजचा वाद तेथे लागू नाही, तत्काळ इस्पितळ गाठावे.)

उपाय एकच, दाब उतरवणे. टिमोलॉलचे थेंब द्रव कमी करतात, लॅटानोप्रोस्टचे थेंब त्याची वाट मोकळी करतात. शस्त्रक्रियेत द्रवाला नवी वाट करून देतात. आपल्या देशात मद्रासला एलियट यांनी 1909 साली अशी एक रीत काढली होती. आज सर्रास होणारी ट्रॅबेक्युलेक्टमी केर्न्स यांनी 1968 साली मांडली.

मग सरस कोणते? अमेरिकेत नव्यानेच निदान झालेल्या 607 रोग्यांची तुलना झाली. शस्त्रक्रियेने दाब अधिक उतरला. पण पाच वर्षांनी नजरेचे नुकसान दोन्हीकडे जवळजवळ सारखेच, आणि शस्त्रक्रियावाल्यांना मोतीबिंदू अधिक. ब्रिटनमध्ये रोग पुढे गेलेल्या 453 जणांची पाहणी 2021 साली प्रसिद्ध झाली. दोन वर्षांनी शस्त्रक्रियेचा सरासरी दाब 12.4, थेंबांचा 15.1. म्हणजे रोग फार पुढे गेला असेल, तर चाकूला भ्यायचे कारण उरत नाही.

पण माझा मुद्दा याच्या पुढचा आहे. त्या पाहण्यांत थेंब वेळेवर मिळत होते आणि रोगी तपासणीला बोलावले जात होते. आपल्याकडे थेंब घालायचे म्हणजे जन्मभर, रोज, रात्रपाळीतही. एक कंत्राटी हेल्पर महिनाअखेरीस बाटली संपली की पगारापर्यंत थांबत असे. डोळा दुखत नव्हता, त्यामुळे त्याचे काही अडले नाही. दोन वर्षांत एका बाजूची नजर मात्र गेली. कागदावर त्याचे ‘औषध चालू’ होते! रसायनाच्या खात्यात ज्याला दमा जडला आहे, त्याने तर टिमोलॉल घेण्यापूर्वी डॉक्टरांना दम्याचे सांगितलेच पाहिजे. थेंब डोळ्यात पडले तरी श्वासनळी आवळतात.

शस्त्रक्रिया म्हणजे एकदाच सुटका, हेही खरे नव्हे. सुरुवातीचे आठवडे वारंवार तपासणी, ओझे नाही, धूळ नाही. नवी वाट पुढे बुजू शकते. जंतू शिरण्याचा धोका तर कित्येक वर्षांनंतरही राहतो. असा कामगार दहाव्या दिवशी गोणी उचलू लागला, तर दोष शस्त्रवैद्याचा म्हणायचा काय?

म्हणून डॉक्टरांनी ‘थेंब की शस्त्रक्रिया’ विचारले, की आपली पाळी, आपले काम आणि महिन्याला औषधाला निघणारा पैसा त्यांना स्पष्ट सांगा. लाजू नका, निवड त्यावरही ठरते. कामगार राज्य विमा योजनेत वर्गणीच्या अटी पुऱ्या झाल्या, तर आजारपणात वर्षाला 91 दिवसांपर्यंत मजुरीच्या 70 टक्के भत्ता मिळतो. कंत्राटदार वर्गणी भरतो की नाही, हे शस्त्रक्रियेची तारीख घेण्याआधी पाहा. आणि ज्याला काचबिंदू निघाला, त्याच्या सख्ख्या भावंडांनी, मुलांनी दाब आणि मज्जातंतू दोन्ही तपासून घ्यावेत. हा रोग घराण्यात उतरतो, आणि नुसता दाब ठीक निघाला म्हणून रोग नाही असे होत नाही.