फिरऔनचा देश
(संस्थेच्या वार्षिक समारंभात पालक व विद्यार्थ्यांसमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



प्राचीन मिसर हा आजचा विषय ऐकून काही पालकांच्या मनात आले असेल की, मूर्तिपूजक राजांचा आणि त्यांच्या थडग्यांचा इतिहास आपल्या मुलांनी कशासाठी वाचायचा? प्रश्न गैर नाही. परंतु मिसरचे नाव आपल्या घरांत परके नाही. हजरत यूसुफ आणि हजरत मूसा (अलैहिमुस्सलाम) यांचे किस्से आपण दादी-नानीच्या तोंडून ऐकत मोठे झालो. घमेंडखोर माणसाला आपण सहज 'फिरऔन' म्हणतो. नाव इतके ओळखीचे, पण तो देश कसा होता, तिथले लोक काय खात-पीत, कशाला भीत, हे विचारले तर आपण गप्प होतो.

दुसरी गोष्ट आपल्या शहराची आहे. मिसरच्या इस्कंदरिया शहरात इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात टॉलेमी नावाचा भूगोलज्ञ होऊन गेला. त्याने आपल्या ग्रंथात जगभरच्या गावांची यादी दिली आहे आणि तीत 'नासिक' हे नाव आहे. गोदाकाठचे आपले गाव त्या काळी नाईलच्या मुखाशी बसलेल्या माणसाला ठाऊक होते, याचे कारण व्यापार. तांबड्या समुद्राच्या किनाऱ्यावर बेरेनिके नावाचे मिसरचे जुने बंदर आहे. तेथे २०२२ साली उत्खननात आयसिस या मिसरी देवीच्या मंदिराच्या आवारात बुद्धाची संगमरवरी मूर्ती सापडली. तेथेच सातवाहन राजांची दोन नाणीही मिळाली. हे सातवाहन कोण, हे नाशिककरांना सांगायला नको. पांडवलेण्यातील तिसऱ्या लेण्यात गौतमीपुत्र सातकर्णीची आई गौतमी बलश्री हिने आपल्या मुलाचा पराक्रम दगडावर कोरून ठेवला आहे. सहलीला जाऊन आपण तिथे डबे खातो आणि परत येतो, ती भिंत कोणी वाचत नाही.

आता मूळ विषयाकडे वळू. मिसर म्हणजे वाळवंटातून गेलेली नाईल नदी आणि तिच्या दोन्ही काठांची काळी जमीन. दरवर्षी पूर यायचा, गाळ पसरायचा आणि त्या गाळात गहू-जव पिकायचे. पूर कमी आला की दुष्काळ. हजरत यूसुफ यांच्या किश्शातील सात सुकाळाची आणि सात दुष्काळाची वर्षे आठवा, म्हणजे त्या देशाचे सारे अर्थकारण समजते. इ.स.पू. ३१०० च्या सुमारास उत्तर आणि दक्षिण मिसर एका राजाच्या हाताखाली आले. पुढे तीन हजार वर्षांत तीस राजघराणी झाली. ही मोजदाद मॅनेथो नावाच्या मिसरी पुरोहिताने केलेली असून इतिहासकार आजही तीच वापरतात.

चौथ्या घराण्यातील खुफू राजाचा पिरॅमिड इ.स.पू. २५६० च्या आसपासचा. मूळ उंची सुमारे १४६ मीटर. तो गुलामांनी चाबकाखाली बांधला असे आपण सिनेमात पाहतो. पण गिझा येथे कामगारांची वस्ती, त्यांच्या भाकरीच्या भट्ट्या आणि त्यांच्या कबरी सापडल्या आहेत, आणि राजाच्या पिरॅमिडच्या सावलीत गुलामांना कोणी कबरी बांधून देत नाही. २०१३ साली तर तांबड्या समुद्राकाठी वादी अल-जर्फ येथे मेरेर नावाच्या मुकादमाची रोजनिशीच सापडली. आज इतके दगड नावेत भरले, आज मुक्काम अमुक ठिकाणी, अशा नोंदी पपायरसवर आहेत. लिहिलेले पपायरस म्हणून यांहून जुने जगात दुसरे मिळालेले नाही. राजांच्या कोरीव लेखांपेक्षा मला ही मुकादमाची वही अधिक मोलाची वाटते.

राजांच्या लेखांचे एक उदाहरण देतो. दुसरा रामसेस याने सहासष्ट वर्षांवर राज्य केले. इ.स.पू. १२७४ च्या सुमारास हित्ती लोकांशी कादेश येथे त्याची लढाई झाली. आपण एकट्याने शत्रूची फळी उधळली असे त्याने मंदिरामंदिरांच्या भिंतींवर कोरवून घेतले. प्रत्यक्षात लढाईचा निकाल लागला नाही आणि पंधरा वर्षांनी दोघांनी बरोबरीच्या नात्याने तह केला. त्या तहाची हित्तींकडील प्रतही सापडली म्हणून हे कळले. एका बाजूचीच प्रत उरली असती तर आपण रामसेसच्या शब्दावर विश्वास ठेवून बसलो असतो.

बाई राज्य करू शकते का, या प्रश्नाला त्या देशात हत्शेप्सूत हे उत्तर आहे. इ.स.पू. पंधराव्या शतकात तिने वीसएक वर्षे राज्य केले आणि पुंत देशाशी जहाजांनी व्यापार केला. तिच्या मृत्यूनंतर पुष्कळ ठिकाणी तिचे नाव छिन्नीने खरवडून टाकण्यात आले. खरवडल्याच्या खुणांवरूनच संशोधकांनी ते पुन्हा वाचले.

त्यांच्या धर्माविषयी थोडेसे. सूर्यदेव रा, मृतांचा राजा ओसिरिस, त्याची पत्नी आयसिस आणि मुलगा होरस अशी त्यांची दैवते. मेल्यानंतर माणसाचे हृदय तराजूच्या एका पारड्यात आणि सत्याचे पीस दुसऱ्या पारड्यात ठेवले जाते, असे ते मानीत. अखेनातेन या राजाने इ.स.पू. चौदाव्या शतकात इतर देव बाजूला सारून एकट्या आतेनची पूजा चालवली. तेवढ्यावरून त्याला कोणी तौहीदचा पुरस्कर्ता म्हणतात. मला ते पटत नाही. त्याचा आतेन म्हणजे सूर्याचे बिंब होते आणि त्याच्यापर्यंत पोचण्याची वाट राजाच्या घरातूनच जात होती. तो गेल्यावर जुने देव परतले. त्याच्या मागून गादीवर आलेल्या तुतनखातेनने आपले नाव बदलून तुतनखामेन केले. १९२२ साली हॉवर्ड कार्टरला सापडलेली कबर याचीच.

आता ज्या गोष्टीसाठी मी हा विषय घेतला, तिच्याकडे येतो. आपल्यापैकी अनेकांच्या पाहण्यात एक चित्र आले असेल. काचेच्या पेटीत गुडघे पोटाशी घेतलेला एक वाळलेला मृतदेह आणि खाली मजकूर : हा फिरऔन, समुद्रात बुडाला, आजही सजद्याच्या अवस्थेत आहे. हे चित्र पोस्टरवर असते, कॅलेंडरवर असते, आता मोबाईलवरही फिरते. मित्रांनो, तो देह फिरऔनचा नाही. तो लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहे आणि गेबेलीन गावाजवळच्या वाळूतून निघालेला आहे. तो इ.स.पू. ३४०० च्या सुमाराचा, म्हणजे मिसरमध्ये पहिला राजा होण्याच्याही आधीचा. हजरत मूसांचा काळ कोणी कसाही धरला तरी मध्ये दोन हजार वर्षांच्या आसपास अंतर राहते. त्या काळी मुडदा असाच कुशीवर, गुडघे दुमडून पुरत. २०१२ साली त्याची तपासणी झाली तेव्हा पाठीत भोसकून त्याचा खून झाल्याचे दिसले. तो बिचारा बुडालेला नव्हता आणि राजाही नव्हता.

दुसरी हकिकत रामसेसच्या ममीची. १९७६ साली ती पॅरिसला नेली होती. शरीरावर मीठ सापडले, म्हणून तो समुद्रात बुडाला हे सिद्ध झाले, असे सांगतात. ती नेली होती बुरशीच्या उपचारासाठी. आणि मीठ तर प्रत्येक ममीत असते, कारण मृतदेह नॅट्रॉन नावाच्या क्षारात चाळीसएक दिवस सुकवूनच ममी करीत. मीठ हा पुरावा धरला तर मिसरचे सारेच राजे बुडाले म्हणावे लागेल.

सूरह यूनुसमध्ये फिरऔनचा देह मागून येणाऱ्यांसाठी निशाणी म्हणून राखला जाईल असे आले आहे. अल्लाहचे कलाम खरे आहे, त्याविषयी माझ्या मनात शंका नाही. पण तो देह कोणता, हे कुरआनने सांगितलेले नाही आणि त्या फिरऔनचे नावही दिलेले नाही. कोणी रामसेस म्हणतात, कोणी त्याचा मुलगा मर्नेप्ताह. या दोघांसह बावीस राजा-राण्यांच्या ममी २०२१ साली मिरवणुकीने कैरोच्या फुस्तात भागातील नव्या संग्रहालयात नेण्यात आल्या. फुस्तात म्हणजे हजरत अम्र बिन आस यांनी वसवलेले शहर. पोस्टर छापणाऱ्याने एक नाव ठोकून दिले, आणि उद्या शाळेत शिकलेल्या मुलाने ते खोटे ठरवले, तर तो मुलगा पोस्टरवर शंका घेऊन थांबेलच असे नाही. पालकांनी याचा विचार करावा अशी माझी विनंती आहे.

या बाबतीत आपल्याकडे फार चांगला नमुना आहे. अब्दुल लतीफ बगदादी हे हकीम बाराव्या शतकाच्या अखेरीस मिसरला गेले. अल-अझहरमध्ये ते शिकवीत. पिरॅमिड त्यांनी हिंडून पाहिले, अबुल-हौलच्या चेहऱ्याच्या प्रमाणबद्धतेची तारीफ केली आणि खजिन्याच्या लोभाने जुन्या इमारती फोडणाऱ्यांना खडसावले. १२०० ते १२०२ च्या भयंकर दुष्काळात माणसे मरून पडली होती. तेथील हाडांचे ढीग त्यांनी तपासले. खालच्या जबड्यात दोन हाडे असतात असे जालीनूस हकीम लिहून गेला होता आणि हजार वर्षे सारे तेच शिकवत होते. बगदादींनी शेकडो जबडे हातात घेऊन पाहिले. हाड एकच होते, आणि त्यांनी तसे लिहिले.

विद्यार्थ्यांपैकी कोणाला या विद्येची गोडी लागली तर वाट फार दूरची नाही. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात पुरातत्त्वशास्त्राचे एम.ए.चे शिक्षण मिळते. त्याच कॉलेजचे डॉ. ह. धी. सांकलिया यांनी १९५०-५१ साली आपल्या नाशिकला, गोदाकाठच्या मातीच्या गढीवर उत्खनन केले होते. हैदराबादच्या राज्य संग्रहालयात निजामाच्या काळात आलेली एका मुलीची ममी आहे. कुटुंबासह तिकडे गेलात तर मुलांना जरूर दाखवा. आणि मिसरची आजची भाषा अरबी आहे. आपली मुले तिची अक्षरे लहानपणीच शिकतात. इतरांना जी लिपी विशीत शिकावी लागते, ती यांना सातव्या वर्षी येते. अर्थासह अरबी शिकवण्याची सोय झाली तर बगदादींचे पुस्तक ती मूळ भाषेतच वाचतील.