बाळंतिणीला तिचंही विचारा

(प्रभागसंघाच्या मासिक बैठकीत समुपदेशक ताईंनी केलेलं भाषण. जसं बोलल्या तसंच, थोडं आटोपशीर करून छापत आहोत.)

ग्रामसंघाच्या पदाधिकारी ताई, सीआरपी ताई, आशाताई आणि सगळ्या बहिणींनो,

मला विषय दिला आहे 'गरोदरपण आणि बाळंतपणातलं मानसिक आरोग्य'. नाव मोठं आहे, म्हणून साध्या प्रश्नापासून सुरुवात करते. मागच्या वर्षभरात तुमच्या गटातली कोणी बाळंत झाली असेल, तर तुम्ही तिला पाहायला गेल्या असाल. काय विचारलं? पोरगं का पोरगी? वजन किती? नॉर्मल का सिझर? दूध येते का? टाके दुखतात का? सगळे प्रश्न बरोबरच आहेत. पण "तुले कसं वाटते वो?" हे किती जणींनी विचारलं? हात वर करू नका, मनातच उत्तर द्या.

बाळंतपणानंतर तिसऱ्या-चौथ्या दिवशी बाईला रडू येतं, हे तुम्हाला माहीत आहे. निम्म्याहून जास्त बायकांना येतं. काही कारण नसतं, लेकराकडे पाहूनही डोळे भरतात, लगेच हसूही येतं. शरीरात एवढा मोठा बदल होतो, झोप नाही, अंग दुखतं, त्यामुळे होतं. जवळ कोणी बसलं, झोपायला मिळालं, की दहा-पंधरा दिवसांत ते आपोआप जातं. त्याला आजार म्हणायचं नाही.

पण दोन आठवडे उलटले तरी जात नाही, उलट वाढतं, तेव्हा लक्ष द्यायचं. बाळ झोपलं तरी तिला झोप लागत नाही. ताटात डिंकाचा लाडू तसाच पडून असतो. चिडचिड होते. "मी चांगली आई नाही" असं घोकत राहते. लेकराला घ्यावंसं वाटत नाही, नाही तर उलटं, त्याला क्षणभर खाली ठेवायची भीती वाटते. काही जणी मन दुखतं असं सांगतच नाहीत. डोकं दुखते, कंबर दुखते, छातीत धडधड होते, हातपाय गळल्यासारखे वाटतात, असं सांगतात. याला डॉक्टर बाळंतपणानंतरचं नैराश्य म्हणतात. पहिल्या वर्षात ते कधीही येऊ शकतं. रक्त कमी असलं किंवा थायरॉइडचा त्रास असला तरी असंच दिसतं, म्हणून तेही तपासून घ्यायचं.

आणि ते बाळंतपणानंतरच सुरू होतं असंही नाही. गोव्यात एका जिल्हा रुग्णालयात २७० आयांना गरोदरपणापासून भेटत राहून अभ्यास केला, तो २००२ साली छापून आला. बाळ दीड-दोन महिन्यांचं झालं तेव्हा शंभरातल्या २३ जणींना नैराश्य होतं, म्हणजे जवळपास चौघींत एकीला. त्यांतल्या शंभरातल्या ७८ जणींचा त्रास गरोदर असतानाच सुरू झाला होता. सहा महिन्यांनी पाहिलं तर निम्म्याहून जास्त जणी तशाच होत्या. कारणं कोणती निघाली? घरात पैशाची चणचण आणि नवऱ्याशी न पटणं. मुलगी झाली की या गोष्टींचा भार आणखी वाढत होता. हे ऐकून तुमच्यापैकी कोणालाच नवल वाटलं नाही, ते मला दिसतंय.

आता 'दीड-दोन महिने' हे शब्द ध्यानात ठेवा. आपल्याकडे पहिलं बाळंतपण माहेरी होतं. सव्वा महिना शेक-शेगडी, मालिश, गरम गरम खाणं, आई रात्री लेकराला घेऊन बसते. माहेरच्या गावची आशाताई ४२ दिवसांपर्यंत घरी येऊन जाते. मग ओटी भरून पोरगी सासरी येते. इथे रात्री उठायला दुसरं कोणी नाही. रोवणीचे किंवा कापसाचे दिवस असले तर घरातले सगळे शेतावर. माहेरच्या आशाताईच्या भेटी संपल्या, सासरच्या आशाताईच्या पुढच्या भेटी बाळ तीन महिन्यांचं झाल्यावर सुरू होतात. आधार सुटतो तो नेमका याच मधल्या काळात, आणि गोव्यातल्या आया आजारी दिसल्या त्याही याच काळात. माझ्या मते सगळ्यात मोठी फट इथे आहे. ती भरायला सासरच्या गावात कोण आहे? तिचा गट आहे.

पण आपला गट त्या वेळी काय करतो? तिच्या नावापुढे गैरहजेरी लावतो आणि दंड लिहितो. दहा रुपये, वीस रुपये, जसा ज्याचा ठराव. शिस्त पाहिजेच, मी नाही म्हणत नाही. पण तीन बैठका बाई आली नाही, तिची बचत नवऱ्याच्या नाही तर पोराच्या हातून येते आणि कोणी विचारत नाही, हे बरोबर आहे का? दशसूत्रीत आपण आरोग्यही म्हणतोच ना?

एक गोष्ट सांगते. दोन-चार जणींच्या गोष्टी मिसळून सांगते आहे, म्हणजे गाव शोधत बसू नका. दुसरी मुलगी झाली. घरात कोणी भांडलं नाही, मारलं नाही, फक्त पेढे वाटले नाहीत. बाई कामं करायची, लेकराला पाजायची, पण बोलायची नाही. सासूला वाटलं आळस भरला. शेजारणीला वाटलं बाहेरचं लागलं. लिंबू उतरवून झालं, धागा बांधून झाला. पाच महिने गेले. मग गटातली एक मावशी हप्ता मागायला म्हणून गेली आणि अर्धा तास बसली. बाई एवढंच म्हणाली, "मावशी, मले सकाळी उठावंसंच वाटत नाही." मावशीने उपदेश केला नाही. लेकरू मांडीवर घेतलं आणि म्हणाली, "तू घडीभर झोप, मी आहे." दुसऱ्या दिवशी आशाताईला सांगितलं. तिथून ती आमच्यापर्यंत आली.

समुपदेशन म्हणजे काय, याची भीती असते. पागलखान्यात नेतात, असं वाटतं. नागपुरात तर आपण चौकालाच पागलखाना चौक म्हणतो, मग भीती वाटणारच. खरं तर होतं काय, तर दोघी खुर्चीवर बसतो आणि ती बोलते, मी ऐकते. तिने सांगितलेलं घरी कळत नाही. जिवाला धोका असला तरच दुसऱ्याला सांगावं लागतं, आणि तेही तिला सांगून. मग आम्ही मिळून एकेक लहान गोष्ट ठरवतो. रात्रीतून चार तास सलग झोप कशी मिळेल? दूध काढून ठेवलं तर एक वेळ सासूबाई वाटी-चमच्याने पाजतील का? दिवसातून एकदा आंघोळ, एकदा अंगणात बसणं. "मी वाईट आई आहे" हा विचार येतो, तेव्हा त्याच दिवशी तिने लेकरासाठी काय काय केलं ते तिच्याच तोंडून मोजायला लावते. पुढच्या भेटीला नवऱ्याला बोलावते, सासूबाईंनाही. सासूला गुन्हेगार करून भागत नाही, बऱ्याचदा तीही थकलेलीच असते. चार-सहा भेटींत बऱ्याच जणींना बरं वाटायला लागतं. काहींना गोळ्या लागतात. पाजत असतानाही देता येतात अशा गोळ्या आहेत, त्या डॉक्टर पाहून देतात. आधीपासून मनाच्या आजाराच्या गोळ्या सुरू असतील आणि दिवस गेले, तर घाबरून आपल्या मनाने बंद करू नका. आधी डॉक्टरांना विचारा.

तुम्ही म्हणाल, आम्ही काही शिकलेल्या डॉक्टर नाही. तर ऐका. गोव्यातच 'संगाथ' संस्थेने नैराश्य असलेल्या २८० गरोदर बायकांबरोबर एक काम केलं. त्यांतल्या अर्ध्या जणींच्या घरी त्याच वस्तीतल्या साध्या आया जायच्या. त्यांना 'सखी' म्हणायचे. चित्रं दाखवून तीनच गोष्टींवर बोलायचं: आईची स्वतःची तब्येत, आई-बाळाची माया आणि आजूबाजूच्या माणसांशी नातं. जिथे सखी गेल्या, तिथे जास्त बायका सावरल्या. आपल्या अमरावती जिल्ह्यात ३० गावांत 'विश्राम' नावाचा कार्यक्रम झाला. तो बाळंतिणींपुरता नव्हता, नैराश्य असलेल्या सगळ्यांसाठी होता. आधी नैराश्य असलेल्या शंभर माणसांतली चार जण मदत घ्यायची. गावातल्याच कार्यकर्त्यांनी घरोघरी बोलायला सुरुवात केली आणि दीड वर्षाने तो आकडा २७ झाला.

मला सगळ्यात जास्त आवडतं ते झारखंड-ओडिशाचं उदाहरण. तिथे आदिवासी बायकांच्या गटांबरोबर 'एकजूट' संस्थेने काम केलं. महिन्याला एक बैठक, चित्रं, खेळ, गोष्टी. विषय मनाचा नव्हताच. लेकरं जन्मल्यावर काहून मरतात आणि आपण काय करू शकतो, एवढाच होता. लेकरांचे मृत्यू तर कमी झालेच. पण तिसऱ्या वर्षी पाहिलं, तर आयांमधलं मध्यम स्वरूपाचं नैराश्यही ५७ टक्क्यांनी कमी होतं. त्याआधी मनाच्या बाबतीत असा फरक दिसला नव्हता, हेही सांगते. एकत्र बसायला, एकमेकींच्या अडचणीला धावायला वेळ लागतो.

मग विचारायचं कसं? ती एकटी असताना जायचं. आधी लेकरू हातात घ्यायचं, तिचे हात मोकळे करायचे. मग दोन प्रश्न. "मागच्या महिनाभरात मन उदास राहते का, काहीच चांगलं होणार नाही असं वाटते का?" आणि "पहिले जे आवडत होतं, त्यात आता मन लागते का?" मग गप्प बसायचं. हे गप्प बसणंच जड जातं आपल्याला. "तुले काय कमी आहे?" म्हणायचं नाही. "आम्ही तर पंधराव्या दिवशी निंदायला गेलो होतो" हे तर मुळीच नाही. आणि तिने सांगितलेलं बोरिंगवर पोहोचलं, तर पुढे ती कोणालाच सांगणार नाही. सासू त्याच गटात असेल, तर कोणाला पाठवायचं याचा विचार करा, अध्यक्षबाईनेच जावं असं काही नाही. घरात मारहाण होत असेल तर १८१ हा महिलांचा नंबर आहे.

उदासी जास्त वाटली तर पुढचा प्रश्नही विचारावा लागतो: "जगू नये असं मनात येते का?" असं विचारल्याने तिच्या डोक्यात तो विचार शिरत नाही. असला तर तो बाहेर येतो आणि तिला हलकं वाटतं. हो म्हणाली तर तिला एकटं सोडायचं नाही. फवारणीचं औषध घरातून हलवायचं आणि त्याच दिवशी दवाखाना.

एक आजार वेगळा आहे, तो नीट ऐका. हजार बाळंतिणींमध्ये एक-दोघींना होतो, बहुतेक वेळा पहिल्या दोन आठवड्यांत. बाई दोन-तीन रात्री झोपतच नाही, असंबद्ध बोलते, कानात आवाज येतात म्हणते, "हे लेकरू माझं नाही" असं म्हणते, कधी खूप घाबरते, कधी खूप उत्साहात येते. याच वेळी घरचे भगताकडे धावतात. त्यांच्याशी वाद घालत बसू नका. पूजा करायची तर करा म्हणा, पण गाडी आधी दवाखान्याकडे वळवा. १०८ ला फोन करा. लेकराजवळ दुसरं माणूस सतत ठेवा. वेळेवर उपचार झाले तर ही बाई पूर्ण बरी होते. मेडिकल, मेयो आणि प्रादेशिक मनोरुग्णालय, नागपुरात तिन्हीकडे मानसोपचाराचे डॉक्टर आहेत.

घरच्यांना भीती असते, भरती केलं तर लेकरू तोडतील. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात लिहिलं आहे, की आई भरती असताना तीन वर्षांखालच्या लेकराला सहसा तिच्यापासून वेगळं करायचं नाही. लेकराला धोका असेल तरच वेगळं ठेवता येतं, आणि तेव्हाही दर पंधरा दिवसांनी त्या निर्णयाचा फेरविचार करावा लागतो. मांडीवरचं पोर घेऊन गेलात तर हे सांगा.

आता आजच्या बैठकीत करायचं ते. इतिवृत्तात तीन गोष्टी लिहून घ्या, सगळ्यांना मान्य असेल तर. एक, सातव्या महिन्यापासून बाळ सहा महिन्यांचं होईपर्यंत गैरहजेरीचा दंड नाही. दोन, ती सासरी परत आल्यावर आठ दिवसांच्या आत गटातल्या दोघी तिच्या घरी जाणार, हप्ता मागायला नाही, आणि आशाताईला कळवणार. तीन, तिच्या अंतर्गत कर्जाचा हप्ता तीन महिने पुढे ढकलता येईल का, हे गटाने बसून ठरवावं. बँकेच्या कर्जाचं वेगळं आहे, तिथे तिच्या वाट्याचं तेवढ्या काळापुरतं गटाच्या पैशातून भरता येतं का ते लेखापाल ताईंना विचारा. गोव्याच्या अभ्यासात पैशाची चणचण पहिल्या कारणांत होती, आणि हे कारण तरी थोडंफार आपल्या हातात आहे. गरोदर बाईचं मात्र बाळंतपणापर्यंत थांबू नका. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर मातांची तपासणी असते, तिथे पोटासोबत मनाचंही बोलायला सांगा.

वहीच्या मागच्या पानावर नंबर लिहा: १४४१६. याला टेली मानस म्हणतात. फुकट आहे, दिवस-रात्र लागतो, मराठीत बोलतात. बाईने स्वतः लावला तरी चालतो, तिच्यासाठी तुम्ही लावला तरी चालतो. लिहिला? पाठीमागच्या ताई, पुन्हा सांगते, एक चार चार एक सहा. आता कोणाला काही विचारायचं असेल तर विचारा, आणि सगळ्यांसमोर नसेल विचारायचं तर चहाच्या वेळी मी त्या खिडकीजवळ बसते.