कारणाचा रकाना

 हुबळीच्या गोकुळ रोडवरच्या या सभागृहातून बाहेर पडून तुम्ही पदवीधर मानसिक आरोग्याच्या कामाला लागाल, म्हणून आमच्या व्यवसायाची एक जुनी खोड आज सांगतो. इथून वीसेक किलोमीटरवर धारवाडला १८४५ पासून मनोरुग्णालय आहे. आजची डिमहान्स संस्था त्यातूनच उभी राहिली. तेव्हा धारवाड मुंबई इलाख्यात मोडे. इंग्रजी अमलात अशा ठिकाणी रुग्ण आला की नोंदवहीत वेडाच्या कारणाचा रकाना भरावा लागे. पोलिसांनी सोबत दिलेल्या कागदावर ‘गांजा’ असेल, तर बहुतेकदा तोच शब्द वहीत उतरे. घरच्यांकडे चौकशी करायला कोणी जात नसे. ब्रिटिश पार्लमेंटात गांजाच्या दुष्परिणामांवर ओरड झाली आणि १८९३ मध्ये इंडियन हेम्प ड्रग्ज कमिशन नेमलं गेलं. कमिशनने ११९३ साक्षी घेतल्या आणि हिंदुस्थानातल्या अशा रुग्णालयांच्या १८९२ सालच्या नोंदी एकेक करून तपासल्या. त्या वर्षी दाखल झालेल्या १३४४ रुग्णांपैकी २२२ जणांच्या नावापुढे गांजा, भांग किंवा चरस लिहिलेलं होतं. चौकशीअंती संबंध मानता येईल असे ९८ उरले, आणि निव्वळ याच नशेचे ६१. बाकीच्यांना खरं काय झालं होतं, हे कोणी विचारलंच नव्हतं.

माझी तक्रार अशी की तो रकाना आम्ही अजूनही तसाच भरतो. खचलेला, अभ्यासातून उठलेला मुलगा गांजा ओढतो असं कळलं की मनोविकार विभागात त्याला सांगतात, आधी व्यसन सोड, मग बघू. व्यसनमुक्ती केंद्रात नशा सोडवतात, पण त्याची झोप केव्हापासून उडाली आहे, हे विचारत नाहीत. दोन दारांच्या मधल्या व्हरांड्यात तो उभा राहतो आणि तिथूनच परत जातो.

म्हणजे गांजा निर्दोष आहे का? मुळीच नाही. बेताने घेतलेल्याचा फारसा अपाय दिसत नाही, असं कमिशनने म्हटलं होतं आणि आजची मुलं तेच तोंडावर फेकतात. पण सोळाव्या वर्षी रोज ओढणाऱ्याचं पुढे काय होतं, हा प्रश्न तेव्हा कोणी तपासलाच नव्हता. तो अलीकडे तपासला गेला. २०१९ मध्ये अकरा अभ्यासांतल्या तेवीस हजारांहून अधिक मुलांची माहिती एकत्र केली गेली. अठराच्या आत गांजा घेणाऱ्यांमध्ये तरुणपणी नैराश्याची शक्यता सुमारे १.३७ पट निघाली आणि आत्महत्येच्या विचारांची दीडपट. मुळातच उदास असलेली मुलं गांजाकडे वळत असतील, हा आक्षेप रास्त आहे. म्हणूनच या अभ्यासांनी सुरुवातीचं नैराश्य हिशेबात धरलं होतं, तरीही फरक उरला. चिंताविकाराच्या बाबतीत मात्र ठाम संबंध सिद्ध झाला नाही, आणि हेही तुम्ही तितक्याच स्पष्टपणे सांगितलं पाहिजे. भीती घालण्यासाठी आकडा फुगवलात, तर मुलं तुमचं खरंही ऐकणार नाहीत.

‘पण मला त्याने बरं वाटतं’ असं मुलगा म्हणेल. तो खोटं बोलत नसतो. गांजातला टीएचसी हा घटक थोड्या मात्रेत धास्ती उतरवतो, जास्त मात्रेत तीच वाढवतो. छाती धडधडते, लोक आपल्याकडेच बघताहेत असं वाटू लागतं. रोजची सवय असलेल्याने तो सोडला की दोन-तीन दिवसांत झोप जाते, जेवण नकोसं होतं, अंगाला घाम फुटतो, घरच्यांवर चिडचिड होते. त्याला वाटतं, आपली जुनी चिंता उसळली, आणि तो पुन्हा ओढतो. हे बहुधा पहिल्या आठवड्यात चढतं आणि दोनेक आठवड्यांत ओसरतं, एवढं एक वाक्य आधी कोणी सांगितलं तर तो तेवढा काळ काढू शकतो. त्यानंतरही मन तसंच जड राहिलं, तर ते नैराश्य आहे असं धरून त्यावर वेगळे उपचार करा. माझा आग्रह एवढाच आहे: आधी काय आलं, भीती की गांजा, हे विचारल्याशिवाय केसपेपरवर कारण लिहू नका.

आईवडील पोलिसांच्या धाकाने ही गोष्ट दडवतात. त्यांना सांगा की अमली पदार्थांविषयीच्या एनडीपीएस कायद्यात कलम ६४अ आहे. स्वतःहून उपचाराला येणाऱ्या व्यसनी माणसाला सेवनाच्या गुन्ह्यात खटल्यापासून संरक्षण मिळू शकतं, मात्र उपचार पूर्ण करावे लागतात. टेलि-मानस या सरकारी मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास मोफत चालतो, कन्नडमध्येही आणि मराठीतही. पहिला फोन बहुतेक घरांतून आईच करेल. तिच्याशी बोलताना ‘मुलगा कधीपासून ओढतो’ हा प्रश्न दुसरा असू द्या; पहिला, ‘तो झोपतो का’.