आत्याची वही

(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील भाषणाचा संपादित भाग)



ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात आरोग्याविषयी चार शब्द बोलण्याची संधी आपण मला दिलीत, याबद्दल मी आपला ऋणी आहे. हार्ट फेल्युअरच्या रुग्णावर तो घरी असताना दुरून ठेवायची देखरेख, हा आजचा माझा विषय आहे.

प्रथम एक गैरसमज दूर करू या. हार्ट फेल्युअर म्हणजे हृदय बंद पडणे नव्हे. या विकारात हृदयाचा स्नायू दुबळा किंवा ताठर होतो आणि शरीराच्या गरजेइतके रक्त पुढे ढकलण्यास असमर्थ ठरतो. मग मूत्रपिंडे मीठ व पाणी धरून ठेवू लागतात. ते पाणी पायांत, पोटात आणि फुप्फुसांत साचते. जिना चढताना धाप लागते. एका उशीवर झोपणाऱ्याला तीन उशा लागतात. तिरुवनंतपुरम जिल्ह्यातील रुग्णालयांत २०१३ मध्ये या विकाराने दाखल झालेल्या १,२०५ रुग्णांची नोंद ठेवण्यात आली. त्यांचे सरासरी वय ६१ होते आणि वर्षभरात दर दहांपैकी तीन रुग्ण दगावले. विकाराचे गांभीर्य यावरून ध्यानी यावे.

मात्र हा विकार बहुधा पूर्वसूचना देतो. धाप लागण्यापूर्वी काही दिवस वजन वाढू लागते. ते वजन चरबीचे नसते, साचलेल्या पाण्याचे असते. तीन दिवसांत दोन किलोहून अधिक वजन वाढले, तर धोक्याची घंटा वाजली असे समजावे.

येथे मला एक कबुली द्यायची आहे. माझी आत्या गावी एकटी राहत असे. तिला हा विकार जडल्यावर मी तिला एक वजनकाटा आणि दोनशे पानी वही आणून दिली. सामायिकाइतक्याच नेमाने ती रोज सकाळी वजन लिहीत असे. आठवड्यातून दोनदा मी फोन करी आणि विचारी, “आत्या, बरी आहेस ना?” ती म्हणे, “बरी आहे रे बाबा, तू तुझे पेशंट बघ.” आकडा मी कधी विचारला नाही. एका मध्यरात्री शेजाऱ्यांनी तिला धापा टाकत असताना रुग्णालयात आणले. उशाशी वही होती. मी ती उघडली, तेव्हा अठ्ठावन्न, साडेअठ्ठावन्न, साठ, एकसष्ट असे आकडे स्वच्छ अक्षरांत ओळीने लिहिलेले होते. आत्या त्यातून वाचली, परंतु गेलेली शक्ती परत आली नाही. मंदिराच्या पायऱ्या तिला पुन्हा चढता आल्या नाहीत. तिने आपले काम चोख केले होते. वही वाचणारा मात्र कोणी नव्हता, आणि तो मी असायला हवा होतो.

माझ्या या अनुभवाला मोठ्या अभ्यासांचा आधार आहे. फुप्फुसाकडे जाणाऱ्या रक्तवाहिनीत बसवायचा एक चिमुकला संवेदक अमेरिकेत तयार झाला. त्याला बॅटरी लागत नाही. रुग्ण घरी एका विशेष उशीवर पडून राहिला, की आतील दाब डॉक्टरांपर्यंत पोहोचतो. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ५५० रुग्णांना हा संवेदक बसवला होता. त्यांपैकी साधारण निम्म्यांचे आकडे डॉक्टरांना दाखवले गेले, उरलेल्यांचे दाखवले गेले नाहीत. यंत्र सर्वांच्या शरीरात एकच होते. तरीही ज्यांचे आकडे डॉक्टरांनी पाहिले व त्याप्रमाणे औषध बदलले, त्यांचे या विकारासाठी रुग्णालयात दाखल होणे सहा महिन्यांत सुमारे २८ टक्क्यांनी कमी झाले.

दुसरी तुलनाही बोलकी आहे. २०१० मध्ये अमेरिकेतील १,६५३ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यातील निम्म्या रुग्णांनी रोज फोन करून एका स्वयंचलित यंत्राच्या प्रश्नांना उत्तरे द्यायची होती. सहा महिन्यांनंतर काहीच लाभ दिसला नाही. शेवटी शेवटी जेमतेम ५५ टक्के रुग्ण आठवड्यातून तीनदा तरी फोन करत होते. २०१८ मध्ये जर्मनीतील दीड हजारांहून अधिक रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. तेथे घरून पाठवलेले वजन, रक्तदाब आणि ईसीजी बर्लिनच्या शारिटे रुग्णालयातील केंद्रात डॉक्टर व परिचारिका रात्रंदिवस पाहत होत्या आणि रुग्णांशी फोनवर बोलतही होत्या. नेहमीच्या उपचारांत वर्षाला शंभर रुग्णांमागे सुमारे ११ मृत्यू झाले. देखरेखीखालील गटात सुमारे ८. या दोन अभ्यासांत इतरही फरक होते, हे मान्य आहे. तथापि पलीकडे जागे माणूस असावे लागते, हा बोध त्यांतून निश्चित घेता येतो.

बंधू-भगिनींनो, महागडी यंत्रे सर्वांच्या आवाक्यात नाहीत. वजनकाटा, वही आणि फोन मात्र घरोघरी आहेत. सकाळी उठल्यावर, लघवी झाल्यानंतर व काही खाण्यापूर्वी, त्याच काट्यावर, तशाच हलक्या कपड्यांत वजन करावे. वजनासोबत पायांची सूज आणि उशांची संख्या लिहावी. पुण्या-मुंबईला किंवा परदेशी असलेल्या मुला-मुलींनी “बरे आहे ना?” एवढ्यावर न थांबता “आज आकडा किती?” असे विचारावे. वजन झपाट्याने वाढले, धाप वाढली, तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवावे. आपल्या मनाने गोळ्या वाढवू वा थांबवू नयेत. पापड-लोणच्यांतील मिठाचाही हिशेब ठेवावा.

आपल्या समाजासाठी आणखी एक गोष्ट आवर्जून सांगतो. शरीरातील पाणी उतरवणाऱ्या गोळ्या चालू असताना उपवासात पाणी कमी पडले, तर रक्तदाब उतरू शकतो व मूत्रपिंडांवर ताण येऊ शकतो. उपवासाने घटलेले वजन फसवेही असते. म्हणून पर्युषणातील उपवासापूर्वी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. सूर्यास्तानंतर काही न घेण्याचा नियम असल्यास तोही सांगावा, म्हणजे गोळ्यांच्या वेळा त्याप्रमाणे बसवता येतात का, हे पाहता येते. वहीत त्या दिवशी ‘उपवास’ असे लिहावे.

शेवटी विश्वस्तांना एक नम्र विनंती. समाजातील अशा रुग्णांची, त्यांच्या संमतीने, एक यादी करावी. चार-पाच स्वयंसेवकांनी रोज सकाळी आठ वाजता फोन करून आकडा विचारावा, लिहून घ्यावा आणि वाढ दिसताच घरच्यांना व रुग्णाच्या डॉक्टरांना कळवावे. उपचार सुचवणे हे त्यांचे काम नाही. आकडा वाचणे, एवढेच त्यांचे काम. वैयावृत्त्याची आपली परंपरा रुग्णाच्या सेवेला तप मानते. रोजचा हा फोन त्याच सेवेचा एक भाग ठरेल. पहिल्या महिन्याचे फोन करण्याची जबाबदारी मी स्वतः घेतो. आत्याचे ते ऋण माझ्यावर आहे.